पदपथावरची शिल्लक

रात्री मशीद बंदर परिसरातील पेढ्या बंद होतात आणि त्यांच्याच पायऱ्यांवर काही तरुण अंथरूण पसरतात. दिवसा हातगाडी ओढणारे, गोण्या वाहणारे, लग्नसराईत भांडी घासणारे हे हात व्यापाऱ्याच्या परिचयाचे असतात. त्यांची रात्र मात्र अपरिचित राहते.

‘मिळवतात आणि त्याच दिवशी उडवतात’ हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप. तो हिशेबाच्या दृष्टीनेच तपासावा. ज्याला कुलूप लावण्यास दार नाही, त्याच्या खिशातील रोकड झोपेत चोरीस जाण्याची भीती रोजची असते. मग आजच पोटभर जेवणे हा उधळेपणा नसून, पैसा हातचा जाण्यापूर्वी त्याचा उपयोग करून घेणे होय. काही जण ओळखीच्या चहावाल्याकडे पैसे ठेवतात. तेथे व्याज तर नाहीच, पावतीही नाही.

वयाचा प्रश्न याहून बिकट. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अठराव्या वर्षापर्यंत बालगृहाचा आधार आहे. तेथून बाहेर पडणाऱ्यास एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. परंतु जो बालगृहात कधी पोहोचलाच नाही, त्याच्या वाट्याला तीही येत नाही. 2011 च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे 9 लाख 38 हजार बेघर नोंदले गेले. पण जनगणनेतील नोंद म्हणजे ओळखपत्र नव्हे.

बँकेच्या नियमांत मात्र एक दार उघडे आहे. अधिकृत कागदपत्र नसले तरी बँक अधिकाऱ्यासमक्ष स्वसाक्षांकित छायाचित्र व सही किंवा अंगठा देऊन ‘छोटे खाते’ उघडता येते. शिल्लक 50,000 रुपये, वर्षातील एकूण जमा 1 लाख आणि महिन्याची उचल 10,000 रुपये, या त्याच्या मर्यादा. खाते प्रथम 12 महिने चालते. या काळात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी 12 महिने मिळतात.

परंतु मळक्या कपड्यांतील तरुण बँकेच्या दारातील रक्षकापाशीच थबकतो. त्याच्यासोबत आत जाणारे कोणी तरी हवे. ज्या पेढीचा माल तो पाठीवरून वाहतो, तिच्या मालकाचा वा मुनीमजींचा अर्धा तास त्यासाठी पुरेसा आहे. रोजगारही मग खात्यावर जमा करता येतो.

थंडीत ब्लँकेट देणारे हात पुष्कळ आहेत. ते ब्लँकेट सकाळी ठेवायलाही त्या तरुणापाशी जागा नसते. पासबुक मात्र हरवले, तरी शिल्लक हरवत नाही.