प्रभावनेत वाटी नको, बाटली द्या



गेल्या महिन्यात आमच्या खडकीतल्या इमारतीत पाण्याचं मशीन विकणारा एक मुलगा आला होता. खाली पार्किंगमध्ये आम्ही सात-आठ जणी जमलो. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत दांड्यांचं एक यंत्र बुडवून त्याने बटण दाबलं. दोन मिनिटांत नळाचं पाणी तांबूस-हिरवट झालं, वर घाणेरडा साका आला. मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं. "मावशी, हे रोज तुमच्या नातवंडांच्या पोटात जातंय बघा," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत पाच मशीनची नोंदणी झाली.

आज मला त्या यंत्राशी भांडायचं आहे. आणि थोडं आपल्या स्वतःशीही.

अकरावी सायन्सला असलेल्या माझ्या नातवाने रात्री हसत हसत सगळं फोडून सांगितलं. त्यातली एक दांडी लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की ती झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. आपल्याला दिसली ती घाण त्या दांडीचीच होती. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून काही होत नाही. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही तांबडा झाला असता.

दुसरं त्यांचं हत्यार म्हणजे टीडीएस मीटर, पेनासारखं. तेसुद्धा फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचा अंश मिसळलेलं मऊ पाणी त्या मीटरवर 'उत्तम' ठरू शकतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये. पण पार्किंगमध्ये जमलेल्या बायकांना हे कोण सांगणार?

म्हणजे दोष शोधायचं साधन आपल्यापर्यंत पोचतंय, पण ते विकणाऱ्याच्या हातात आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ते आपल्या हातात हवं, खरं हवं आणि स्वस्त हवं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या नातीला कावीळ झाली. त्याच आठवड्यात इमारतीतल्या आणखी दोन घरांत. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलेली दिसते. सूनबाई म्हणाली, "आई, आपण तर पाणी गाळून उकळून पितो." खरं होतं. पण पोर दात कशाने घासते? कोथिंबीर कशाने धुतो? बाथरूमच्या नळाला तोंड लावून मुलं पाणी पितातच.

मी नळाचं पाणी लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत भरलं आणि रिक्षाने तपासणीला घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने बरणी हातातही घेतली नाही. बाटली निर्जंतुक हवी होती. पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं, म्हणून बाटलीत ते निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं होतं. नळ पुसून, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून मग नमुना घ्यायला हवा होता. बाटली काठोकाठ भरायची नव्हती. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवायची होती. "आणि मावशी, कावीळ बाहेर पडायला तीन-चार आठवडे लागतात. ज्या पाण्याने झाली ते पाणी केव्हाच वाहून गेलं."

मी बरणी घेऊन परत आले. पुढे प्लंबरला जमिनीखालच्या टाकीला चीर सापडली, शेजारून ड्रेनेजची लाइन जात होती. पोर बरी झाली, देवगुरूंची कृपा. पण ती चीर तिच्या आधी कुणीच का ओळखली नाही, हे अजून मनातून जात नाही.

मी बीकॉम आहे. आमचं खडकी बाजारात किराणाचं दुकान होतं आणि वह्या मीच लिहायची. ऑडिटर काही प्रत्येक व्हाउचर बघत नाही, तो निवडक बघतो. पण ते तो स्वतः निवडतो, दुकानदाराने काढून दिलेलं नाही. दुकानात हळदीचा, धन्याचा नमुना घ्यायला अधिकारी यायचे तेव्हाही तसंच. १९५४ च्या भेसळीच्या कायद्यात नमुन्याचे तीन भाग करून लाखेने सील करत. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात चार भाग करतात. दुकानदार म्हणून तेव्हा मला ती कटकट वाटायची. आज कळतं की सगळी किंमत त्या सीलला आहे. यंत्र कितीही हुशार असलं तरी नमुना चुकीचा, उशिराचा किंवा ज्याचा माल त्यानेच दिलेला असेल, तर निकाल कागदाच्या किमतीचा. त्याच २००६ च्या कायद्याचं ४० वं कलम सांगतं की ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, फक्त घेताना दुकानदाराला तसं सांगायचं. दोष निघाला तर फी परत मिळते. आपल्यापैकी किती जणींनी हे केलंय? मीही नाही.

आता आपल्याबद्दल. आपण पाणी गाळतो, उकळतो, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही. आमच्या सासूबाई दुपदरी फडक्याने पाणी गाळत आणि फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडत. उकळलेल्या पाण्याला पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच, अशी मुदत त्या घालत. बाटलीवर एक्स्पायरी छापायच्या किती आधीची ही गोष्ट! बांगलादेशात जुनी साडी अनेक पदरी दुमडून पाणी गाळायला शिकवलं, तर त्या गावांतलं पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंचा तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण मैत्रिणींनो, ज्या सूक्ष्म जीवांना पटकीचे जंतू चिकटलेले असतात ते फडक्यात अडकतात. सुटा जंतू अडकत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण शिसं आणि नायट्रेट जात नाही. उकळून आटलं की उलट दाट होतं. सासूबाईंनी त्यांच्या काळात हाताशी होतं ते सगळं केलं. आपण त्यांचं फडकं उचललं, पण त्यांची नजर उचलली नाही. विहिरीत डोकावून पाणी बघायची त्यांची सवय होती. आपण टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं?

आता चांगली बातमी. पाण्यात मैल्याचा अंश आहे का, हे घरात कळण्यासाठी बाटली शोधली गेली आहे, आणि तीही आपल्याच देशात. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ती मांडली. छोटी निर्जंतुक बाटली, आत औषध लावून वाळवलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं झालं तर धोका. वीज नको, प्रयोगशाळा नको, बर्फ घेऊन धावणं नको. नमुना घ्यायची बाटली आणि तपासणीचं यंत्र एकच. ही बाटली आजाराचं नाव सांगत नाही आणि कधी चुकतेही, म्हणून काळी झाली तर प्रयोगशाळेतली तपासणी करायचीच. पण कुठे लक्ष द्यायचं ते ती सांगते. एच-टू-एस बाटली म्हणून ती विकत मिळते, स्टीलच्या चांगल्या डब्याहून महाग नाही.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. लाखो बायका शिकल्याही. गावातली बाई हातात किट घेऊन सरपंचाला विचारू शकते, आणि शहरातली शिकलेली बाई पार्किंगमध्ये लोखंडी दांड्या बघून घाबरते! शहराला गरज नाही म्हणता? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे रुग्ण निघाले, संख्या दोनशेवर गेली, काही जण दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. मग पथकं आली, विहिरी तपासल्या, खासगी आरओचे प्रकल्प बंद केले. सगळं माणसं अंथरुणाला खिळल्यावर.

शोध लावणाऱ्यांनाही दोन शब्द. पिलानीच्या सरकारी संस्थेने दुधातली भेसळ मिनिटाच्या आत ओळखणारा 'क्षीर स्कॅनर' बनवला. मद्रास आयआयटीने २०२३ मध्ये कागदाचं साधन दाखवलं, तीस सेकंदांत युरिया, साबण, स्टार्च ओळखणारं. अभिनंदन. मी ज्या डेअरीतून दूध घेते तिथे यातलं काहीच पोचलेलं नाही. आपल्या पुण्यातल्याच पाषाणच्या प्रयोगशाळेने स्फोटकं ओळखायची छोटी पेटी केली, चार थेंब टाका आणि रंग बघा. जवानासाठी ते जमतं. मग ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईसाठी का नाही? बातमी छापून आली की शोध संपत नाही. सूनबाईने तो न विचारता वापरला की संपतो.

हे मी स्थानकात बोलले तेव्हा एका ताईंनी मला थांबवलं. "म्हणजे बाटलीत जीव वाढवायचे आणि मग ब्लीच ओतून मारायचे? हे तू आम्हाला शिकवतेस?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मी रात्रभर त्यावर विचार केला. वर आणखी एक अडचण माझ्याच लक्षात आली. त्या पट्टीतलं पोषक द्रव्य, ज्याला पेप्टोन म्हणतात, ते बऱ्याचदा मांसापासून काढलेलं असतं.

माझं उत्तर असं. पाणी उकळतानाही आपण जीव मारतो, तरी श्राविका म्हणून ते करतो, कारण घर चालवायचं आहे आणि ते जयणेने चालवायचं आहे. जयणा म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे, बघून पाऊल टाकणं. पन्नास घरांनी न बघता पन्नास मशीनं लावायची, दर वर्षी फिल्टर फेकायचे, कितीतरी पाणी गटारात सोडायचं, की साऱ्या इमारतीसाठी महिन्याला एक बाटली लावायची, यात कमी हिंसा कशात? ज्यांना तरीही पटत नाही त्यांच्यावर माझी जबरदस्ती नाही. त्यांनी क्लोरीन तपासावं. नळाच्या पाण्यात ओटीचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि पिवळा रंग डबीवरच्या खुणांशी ताडायचा. त्यात काही वाढवायचं नाही की मारायचं नाही. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं. क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर विचारायला जायचं.

आणि पेप्टोन सोयाबीनपासूनही बनतं. आपल्या घरांतली किती मुलं-मुली बायोटेक शिकतात! त्यांनी सोयाच्या पेप्टोनवर ही बाटली चालते का ते करून बघावं. चालली तर हिरव्या ठिपक्याची बाटली आपल्या समाजाने देशाला दिली असं होईल. दानाच्या पाट्यांवर नावं कोरून घेणाऱ्या शेठ लोकांनी एका प्रयोगासाठी पैसे द्यावेत. संगमरवर पुष्कळ झाला.

तोवर आपण काय करायचं? चातुर्मासात प्रवचनानंतर आपण प्रभावना वाटतो. माझ्याकडे त्यातल्या एकतीस वाट्या आणि नऊ डबे आहेत, मोजून सांगते. या वर्षी आमच्या मंडळात मी मागणी केली आहे की एक दिवसाच्या प्रभावनेत ओटीची डबी द्यावी आणि प्रत्येक इमारतीमागे एक एच-टू-एस बाटली. नमुना सोसायटीच्या सेक्रेटरीने घ्यायचा नाही, टँकरवाल्याने नाही, मशीनवाल्याने तर नाहीच. आपल्यापैकी दोघींनी मिळून घ्यायचा आणि तारीख, वेळ, कुठला नळ हे वहीत लिहून दोघींनी सही करायची. बाटली ओट्यापासून आणि मुलांपासून लांब ठेवायची. काळी झाली तर हातमोजे घालून त्यात ब्लीच ओतायचं, अर्ध्या तासाने संडासात रिकामी करायची, आणि वही घेऊन सोसायटीच्या मीटिंगला जायचं. "मला वाटतं पाणी खराब आहे" म्हणणाऱ्या बाईला गप्प बसवता येतं. तारखेची वही उघडून बसलेल्या बाईला गप्प बसवणं अवघड जातं. हे मी दुकानात शिकले.

मंडळाचा निर्णय अजून झालेला नाही. दोघी माझ्या बाजूने आहेत, चौघी गप्प आहेत आणि त्या ताई विरोधात. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका. बाटलीचं बाजूला ठेवा, पुढच्या रविवारी फक्त टाकीचं झाकण उघडायला माझ्याबरोबर या. टॉर्च मी आणते.