लाकूड 'नैसर्गिक' आहे, पण त्याची धूळ?

दिवाळी जवळ आली की दवाखान्यात शिंका आणि खोकल्याचे रुग्ण वाढतात. साफसफाईची धूळ, फटाक्यांचा धूर ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. अलीकडे मी आणखी एक प्रश्न विचारतो : "घरी लाकडाचं काही करताय का?" बऱ्याचदा उत्तर 'हो' येतं. वहिनीसाठी तबक, भाच्यासाठी गाडी, शेजाऱ्यांना द्यायला पणत्यांचे स्टँड. विकतच्या प्लास्टिकपेक्षा हातानं घडवलेली भेट द्यावी, हा विचार मला मनापासून पटतो. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी : "डॉक्टर, लाकूडच तर आहे, नैसर्गिक! त्यानं काय होतंय?"

होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे, आणि तंबाखूही नैसर्गिकच! घाबरू नका. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. नाकाचा आणि सायनसचा हा कर्करोग वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांत आढळतो. दोन रविवार पॉलिश पेपर घासल्यानं तो होणार नाही. पण दमा बळावायला, डोळे चुरचुरायला, सागवान किंवा शिसवाच्या धुळीनं अंगाला खाज सुटायला एक दुपार पुरते.

यावर घरोघरी दोन उपाय ठरलेले : तोंडाला रुमाल आणि वर गुळाचा खडा. रुमाल जाडा भुसा अडवतो, फुप्फुसापर्यंत पोहोचणारी बारीक धूळ अडवत नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. गूळ आवडत असेल तर जरूर खा, पण मास्कऐवजी नको.

घासून झालं की रंगकाम. धुळीसाठीचा एन-९५ मास्क थिनरची वाफ अडवत नाही. 'धूळ बसायला नको' म्हणून खिडक्या लावून स्टेन मारणारे मग डोकेदुखी आणि मळमळ घेऊन येतात. जवसाचं तेल लावत असाल तर त्याच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा काडी न लावताही पेटू शकतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती जुन्या कपाटाचा, दाराचा रंग खरवडून खेळणी करणाऱ्यांची. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं. तो घासला की शिशाची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. असं लाकूड भेटीसाठी वापरूच नका.

बाकी नियम सोपे आहेत :

- घासकाम गच्चीत किंवा अंगणात करा. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा, डोळ्यांना चष्मा लावा.
- धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा.
- स्टेन आणि पॉलिश खेळत्या हवेतच लावा. मुलं, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना दूर ठेवा.
- तेलाच्या चिंध्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.
- भेट पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय बांधू नका. मूल तोंडात घालेल अशा खेळण्याला रंग नसलेलाच बरा.

"एवढी काळजी? आमचे सुतारकाका तर काहीच बांधत नाहीत!" हे मी सर्वांत जास्त वेळा ऐकलंय आणि याच वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. तुमच्या दोन दुपारी, त्यांची तीस वर्षं. त्यांना सवय झालेली नसते, त्यांनी तक्रार करणं सोडलेलं असतं. वरचा कर्करोग नेमका त्यांच्याच वाट्याला येतो. तबकाच्या गुळगुळीतपणाचं कौतुक करताना आपण तो कुणी, कसा आणला हे विचारत नाही.

म्हणून या दिवाळीत मास्क आणताना दोन पाकिटं आणा. एक स्वतःला, एक सुतारकाकांना. आणि त्यांना महिन्याभराहून जास्त खोकला असेल, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा तीच सतत चोंदत असेल, तर फराळाच्या ताटाबरोबर त्यांना डॉक्टरकडेही घेऊन जा.