न उतरणारा ताप आणि सहीचा कागद

मैत्रिणींनो, पत्रांच्या गठ्ठ्यात कधी कधी असं एखादं पत्र निघतं की बाकीची बाजूला ठेवावी लागतात. लोणच्याला बुरशी का येते आणि मुलं डबा तसाच परत का आणतात, हे प्रश्न या खेपेला थांबतील.

पत्र एका भगिनीचं आहे. त्यांच्या धाकट्या नणंदेचं बाळ चार महिन्यांचं. ताप येतो तो उतरतच नाही. पोट फुगलेलं, पाणथरी वाढलेली, आणि रक्तातल्या पेशी रोजच्या रोज कमी होताहेत. मोठ्या इस्पितळात आजाराचं नाव सांगितलं, एच.एल.एच. पहिलं बाळही दोन वर्षांपूर्वी असंच गेलं, तेव्हा कुणी नावसुद्धा सांगितलं नव्हतं. सासरची माणसं आता नणंदेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणू लागली आहेत. त्यातच डॉक्टर म्हणतात, या आजारावर संशोधन चाललं आहे, बाळाला त्यात घ्यायचं का ते ठरवा आणि सही करा. भगिनी विचारतात, “आमचं बाळ म्हणजे काय प्रयोगाचा उंदीर आहे?”

मी काही डॉक्टर नव्हे. पण वाचून, आणि ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना चार-चारदा विचारून जे समजलं ते सांगते.

पूर्ण नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. एकदा म्हणून पाहा, जीभ वळायची नाही! आपल्या रक्तात काही मारेकरी पेशी असतात. रोगजंतू शिरलेल्या पेशीला त्या गाठतात, परफोरिन नावाच्या द्रव्याने तिला भोकं पाडतात आणि तिचा निकाल लावतात. काम झालं की धोक्याची हाक देणाऱ्या पेशींनाही त्याच गप्प करतात, म्हणजे धावपळ थांबते. एच.एल.एच.च्या वंशागत प्रकारात हे भोक पाडण्याचं कामच जमत नाही. जंतू मरत नाही, हाक थांबत नाही, मारेकरी पेशी वाढतच राहतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सारखं सोडत राहतात. त्यानं चेतलेल्या भक्षक पेशी मग स्वतःच्याच शरीरातल्या रक्तपेशी गिळू लागतात. कुकरची शिट्टी अडकावी आणि खालचा गॅसही बंद होऊ नये, तसंच काहीसं. २०२० साली कोरोनाच्या साथीत ‘सायटोकाईन वादळ’ हा शब्द आपण सगळ्यांनीच ऐकला. ते वादळ आणि हे वादळ एकाच कुळातले.

आजार फार दुर्मिळ. स्वीडनमध्ये मोजदाद झाली तेव्हा वंशागत प्रकार सुमारे ५०,००० जन्मांमागे एक निघाला. दुर्मिळ म्हणूनच तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. एकापाठोपाठ एक तान्ही मुलं गेली की आपल्याकडे दृष्ट लागली म्हणतात, सटवाईनं कपाळी असंच लिहिलं म्हणतात, आणि शेवटी सगळं येऊन थांबतं ते सुनेच्या पायांवर.

या पायांचं काय ते आधी बोलूया. १९५२ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात फार्कर आणि क्लेरो या डॉक्टरांनी एकाच आईबापांच्या दोन तान्ह्या मुलांची हकीकत छापली. दोन्ही मुलं सारख्याच तऱ्हेने गेलेली. हा आजार कुटुंबात चालतो हे तिथून ध्यानात आलं. कारण सापडायला मात्र १९९९ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिका, फ्रान्स आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी मिळून दाखवून दिलं की काही आजारी मुलांमध्ये परफोरिन बनवणारं जनुकच बिघडलेलं असतं. त्यांच्यात डलासचे डॉ. विनय कुमार होते. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर पॅथॉलॉजीचं जे जाडजूड पुस्तक दिसतं, त्याचे ते एक संपादक. पुढे याच आजाराची आणखीही जनुकं सापडली.

आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी. या जनुकाच्या आपल्यापाशी दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी माणूस ठणठणीत राहतो, त्याला कधी पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच बाळ आजारी पडतं. म्हणजे एक प्रत आईची तशी दुसरी बापाची! सासरच्यांना पाय पाहायचेच असतील तर त्यांनी आपल्या मुलाचेही पाहावेत.

अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात चारांत एक अशी शक्यता असते. शाळेत मुलांना शिकवताना मी चिठ्ठ्यांचं उदाहरण देते. एकदा वाईट चिठ्ठी निघाली म्हणून पुढच्या तीन चांगल्याच निघतील असं नाही, कारण प्रत्येक वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. आणि आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथे एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. अशा लग्नांतली बहुतेक मुलं सुदृढच असतात, घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण घरात तान्ही मुलं गेली असतील तर नातं डॉक्टरांना सांगावं, लाजू नये.

आता उंदराकडे वळते. १९८३ साली जर्मनीतल्या डॉ. ग्रिटा यांका यांनी तोवर नोंदलेल्या १२१ मुलांची माहिती एकत्र केली. बहुतेक मुलं आजार सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांतच गेली होती. त्याच सुमारास एटोपोसाईड या कॅन्सरच्या औषधाने काही मुलांचा आजार आवरतो असं दिसलं होतं. (पोडोफायलम नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यापासून ते करतात. तिची एक जात आपल्या हिमालयातही उगवते.) १९८६ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी अस्थिमज्जा बदलून म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून मूल वाचवल्याचं छापलं. पण एका इस्पितळात वर्षाला एखादंच असं मूल येणार, मग कुठल्या उपायाने गुण आला हे ठरवायचं कसं?

तेव्हा वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर हिस्टिओसाइट सोसायटीमार्फत एकत्र आले. स्टॉकहोमचे डॉ. यान-इंगे हेंटर त्यांत पुढे होते. १९९४ साली त्यांनी एकच उपचार ठरवला: आठ आठवडे डेक्सामेथासोन आणि एटोपोसाईड, पुढे सायक्लोस्पोरिन, आणि वंशागत आजार असेल तर मज्जा बदलणं. सगळ्यांनी एकाच पद्धतीने औषध द्यायचं आणि एकाच पद्धतीने लिहून ठेवायचं. कुणालाही खोटं औषध देऊन तुलना केली नाही, प्रत्येक मुलाला उपचार मिळाला. २०११ साली २४९ मुलांचा हिशेब छापला गेला. पाच वर्षांनंतर शंभरातली ५४ हयात होती. जिथे जवळजवळ कुणी वाचत नव्हतं, तिथे निम्म्याहून अधिक! आज तुमच्या बाळाला इस्पितळात जी औषधं मिळत असतील, त्यांच्यामागे अशाच सह्या करणारे आईबाप आहेत.

पुढची पायरी एवढी सरळ गेली नाही. २००४ च्या योजनेत सायक्लोस्पोरिन पहिल्या दिवसापासून देऊन पाहिलं. ३६९ मुलांत पाच वर्षांनंतरचा आकडा शंभरात ६१ आला, पण हा फरक त्या बदलामुळेच पडला असं म्हणता येईना. नवं ते चांगलंच असतं, असा आपला एक समज असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि खरे उंदीरही झाले. परफोरिन नसलेल्या उंदरांना विषाणूची लागण केली तर ते या बाळांसारखेच आजारी पडतात. इंटरफेरॉन-गॅमाला अडवलं तर ते वाचतात, हे अमेरिकेत २००४ साली दिसलं. त्यावरून इमापालुमॅब नावाचं औषध निघालं. ३४ मुलांवर त्याचा अभ्यास झाला. त्यांतल्या २७ मुलांना आधीच्या उपचाराने पुरेसा गुण आला नव्हता किंवा तो सोसला नव्हता, त्यांपैकी १७ जणांना या औषधाचा गुण आला. अमेरिकेने २०१८ साली त्याला परवानगी दिली. युरोपच्या औषध-समितीने मात्र २०२० साली, पुरावा अपुरा म्हणून, नाही म्हटलं. इतक्या थोड्या मुलांवरून निर्णय घेताना जाणत्यांचंही एकमत होत नाही.

तेव्हा ताई, सही करण्याआधी घाई करू नका, पण टाळूही नका. पहिलं विचारायचं ते हे की संशोधन म्हणजे नेमकं काय? नवं औषध देणार, की नेहमीचाच उपचार चालू ठेवून फक्त रक्ताचा नमुना आणि माहिती घेणार? दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि सहीचा कागद दोन्हीकडे लागतो. नवं औषध असेल तर त्या चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’त असायलाच हवी, तो नंबर मागून घ्या. कागद मराठीतून मागा. कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, घरच्या पुरुषांनी परस्पर अंगठा उठवू नये. मधेच नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. औषधाने इजा झाली तर उपचाराचा खर्च करण्याचं बंधन २०१९ च्या नियमांत आहे. नीतिविषयक समितीचा फोन त्या कागदावर असतो. एक प्रत आपल्यापाशी ठेवा.

बाकीच्या मैत्रिणींसाठी थोडं. हा आजार मोठ्यांनाही होतो, आणि तेव्हा बहुधा तो वंशागत नसतो. डेंग्यू, टायफॉईड, क्षय, काळा आजार यांच्या पाठीवर बसून येतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात गाजलेला स्क्रब टायफसही त्यातलाच. तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो आणि चावल्या जागी पुष्कळदा काळी खपली दिसते. अशा वेळी मुळातला रोग शोधून त्याचं औषध वेळेवर दिलं की पुष्कळदा वादळही ओसरतं. आठवडाभर न उतरणारा ताप, वाढलेली पाणथरी आणि रक्तातल्या दोन-तीन तऱ्हेच्या पेशी एकदमच घटलेल्या असतील, तर ‘फेरिटिन पाहिलंत का?’ एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. ही तपासणी आपल्याला रक्त कमी असताना माहीत असते, तेव्हा आकडा उतरलेला येतो. एच.एल.एच.मध्ये तो ५०० च्या वर, आणि लहान मुलांत कधी दहा हजारांच्याही वर जातो. त्या एकट्या आकड्यावर निदान होत नाही. काही खुणा ठरलेल्या आहेत, त्यांपैकी पाच जुळाव्या लागतात.

आणि ताई, शेवटची गोष्ट आजच्या आज करायची. बाळाचं रक्त जनुकांच्या तपासणीसाठी काढून ठेवलं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मुंबईत परळला के.ई.एम. इस्पितळाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था आहे. तिथे परफोरिनची आणि या जनुकांची तपासणी होते, आपल्या देशातल्या मुलांवरचं संशोधनही होतं. बाळाला देवाच्या दयेने आराम पडो. पण काहीही झालं तरी नणंदेला पुन्हा दिवस राहतील तेव्हा अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते. मात्र घरातला नेमका बिघाड आधी सापडलेला असेल तरच. पहिल्या बाळाच्या वेळी ते रक्त कुणी ठेवलं नव्हतं. या खेपेला ते राहून जाऊ देऊ नका. नणंदेचं आणि नणंदेच्या यजमानांचं, दोघांचंही रक्त सोबत द्यावं लागेल.