परतीच्या तिकिटाचा हिशेब

सांगलीच्या पेठेत हळदीची अडत चालविणाऱ्या एका घरातील सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला जावयाच्या होत्या. मुंबईहून येण्याजाण्याचे तिकीट दोन महिने आधी, बऱ्या भावात काढून ठेवले होते. लेक मुदतीपूर्वीच बाळंत झाली. जावयांनी रातोरात दुसऱ्या कंपनीचे एकेरी तिकीट पाठविले आणि सासूबाई निघाल्या. जुन्या तिकिटाची जाण्याची बाजू बुडाली, परतीची तरी कामी येईल, असा घरच्यांचा समज. सव्वा महिन्याने हीथ्रो विमानतळावर कळले की, ठरल्या दिवशी प्रवासी हजर न राहिल्याने परतीचे आरक्षणही रद्द झाले होते. ऐनवेळी काढलेले एकेरी तिकीट मूळच्या दुहेरी तिकिटाहून महाग पडले.

येण्याजाण्याचे तिकीट हा एकच करार असतो. पहिला टप्पा चुकला की पुढचे रद्द करण्याचा अधिकार बहुतेक मोठ्या कंपन्या राखून ठेवतात. विमान सुटण्यापूर्वी कळवून जाण्याची तारीख बदलून घेतली असती, तर दंड आणि भाड्यातील फरक भरून परतीची बाजू वाचू शकली असती.

मुळात दुहेरी भाडे स्वस्त का, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ भाडे आणले, ते आगाऊ खरेदी आणि किमान मुक्काम या अटींवर. सवडीने फिरणारा त्या अटी पाळतो. घाईने कामाला जाणारा पाळू शकत नाही, म्हणून पुरा भाव मोजतो. माल एकच, गिऱ्हाईक पाहून दर! स्वस्त सेवेच्या कंपन्या मात्र सहसा प्रत्येक टप्पा वेगळा विकतात. तेथे दोन एकेरी तिकिटांनी फारसा तोटा होत नाही. पण दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे जोडून वाटेत विमान बदलायचे असेल, तर पहिले उशिरा पोहोचल्यास दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. सामान पुन्हा सोपविण्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. जैन भोजनाची मागणीही प्रत्येक तिकिटावर निराळी नोंदवावी लागते, आणि स्वस्त विमानांत ते मिळेलच असे नाही.

लंडनच्या भाड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. ब्रिटनचा विमानप्रवास कर तेथे उतरताना नव्हे, तेथून निघताना लागतो. भारताकडे येणाऱ्या इकॉनॉमी प्रवाशास तो २०२५-२६ साठी ९० पौंड होता. त्याच वर्गातील १६ वर्षांखालील मुलांना माफ आहे. पॅरिस पाहण्याचा बेत असलेल्या कुटुंबाने लंडनला उतरून, रेल्वेने पॅरिस गाठून तेथून परतावे. तेही ‘मल्टी-सिटी’ या सदराखाली एकाच तिकिटावर. केवळ कर चुकविण्यासाठी हा खटाटोप करू नये. शेंगेन व्हिसा आणि रेल्वेभाडे यांतच बचत संपते.

परदेशी संकेतस्थळावर पौंडात दिसणारा भावही फसवा. कार्डावर बँक बहुधा दोन ते साडेतीन टक्के विनिमय आकार लावते, त्यावर जीएसटी वेगळा. तो मिळवूनच तुलना करावी.

बाळंतपण, आजारपण, व्यापारी बोलणी यांत परतीचा दिवस आपल्या हाती नसतो. तेथे सर्वांत स्वस्त दर सोडून तारीख बदलता येणारा दर घ्यावा. सांगलीच्या त्या घरातील थोरल्या चिरंजीवांनी यंदा तसेच तिकीट काढले. लंडनचा मुक्काम दोनदा लांबला, आणि दोन्ही वेळा केवळ भाड्यातील फरक भरून काम भागले.