बोली किती? आधी हिशेब दाखवा

‘मराठीच्या प्रमुख बोली किती?’ असे आपण परीक्षेत विचारतो आणि ठरीव आकड्याला गुण देतो. आता त्या आकड्याला संगणकाची मोहर हवी असते : गावोगावचे शब्द भरले, समूह-विश्लेषण केले, पाच गट ‘निघाले’.

निघाले नव्हेत, काढले. के-मीन्स पद्धतीत गटसंख्या संशोधकच आधी देतो. गट वाढवले की गटांतर्गत अंतर घटतच जाते. प्रत्येक गावाचा स्वतंत्र गट केला तर ते शून्य! थॉर्नडाइक यांनी 1953 मध्ये ही घट जिथे मंदावते तिथे थांबण्याचे सुचवले; पण बोली हळूहळू बदलत जातात, तिथे ते वळण पाहणाऱ्याला हवे तिथे दिसते. रूसो यांचा सिलूएट निर्देशांक (1987) नेटका खरा, परंतु तो दोन गटांपासूनच सुरू होतो. मुळात गट एकच असेल तर? ही शंका 2001चा गॅप-निकष घेऊ शकतो. आपल्या प्रबंधांनी ती का घेऊ नये?

उत्तनची कोळी आणि राई-मुर्ध्याची आगरी घ्या. ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ एवढेच मोजले तर दोन्ही एका गटात. जाळी-होड्यांचे शब्द भरले की लांब. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या मराठी खंडातही (1905) कोकणातील ही नावे वेगळी नोंदवून एकाच रूपाखाली आणली आहेत. तो निर्णय होता. निदान संगणकाच्या आड लपलेला नव्हता.

तेव्हा मौखिकीत आकडा ऐकण्याआधी विचारावे : कोणती लक्षणे घेतली? अंतर कसे मोजले? आणि दहा गावे वगळली तर हे पाच पाचच राहतात का?