गळ कुणाचा, तळं कुणाचं?

रविवारी आपली पोरं गळ घेऊन तळ्यावर बसतात. कुणाला हौस असते, कुणाच्या घरचं रात्रीचं कालवण त्यावर असतं. तळं अभयारण्यात असेल तर वनरक्षक गळ काढून घेतो, धरणाचं असेल तर ठेकेदाराचा माणूस हाकलतो. नियम कोणता, ते कुणी सांगत नाही. दम मात्र मिळतो.

नियमच नकोत असं आपण म्हणत नाही. १८९७च्या मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोट करायला आणि विष कालवायला बंदी घातली, ती योग्यच होती. पण शिकारीचं बघा. साहेब आणि संस्थानिक मेलेल्या वाघाशेजारी फोटो काढून घेत होते, त्याच राजवटीत फासेपारध्यांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने साहेबाची हौस गेली, पारध्याचं पोट गेलं. दोन्ही नुकसानं सारखी कशी?

आपल्यातलेच काही विचारतील, पंचशील घेणाऱ्यांनी मासे मारणाऱ्यांची बाजू का घ्यावी? त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधला अहिंसेचा भाग पुन्हा वाचावा. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी तिथे फरक केला आहे. कायदा हा फरक करत नाही, आणि आपणही करायचा नाही?

आता कामाचं. २००६चा वनहक्क कायदा शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळतो, पण जंगलातल्या पाणवठ्यांवरच्या माशांचा सामूहिक हक्क मान्य करतो. अभयारण्यातही तो लागू आहे. अडचण अशी, की आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि ढिवरांकडे एवढे जुने कागद कुठून असणार? ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचा सातबारा मागणं हीच थट्टा. मात्र नियमांत ज्येष्ठांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला जातो, हे दावा भरताना सांगायचं राहून जातं.

१९२७ला महाडला आपण सार्वजनिक पाण्यावरचा हक्क वापरून दाखवला. तो हक्क पाण्यातल्या माशापाशी येऊन थांबतो का? सामूहिक दाव्याच्या ‘नमुना ब’ मध्ये मासे आणि पाणवठे यांसाठी वेगळी नोंद आहे. पुढच्या ग्रामसभेला जाताना तो नमुना सोबत न्या, आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा जबाब आधी लिहून घ्या.