हॅलोविनची बिस्किटे आणि दुधनीची थाळी

ऑक्टोबर महिना सरत आला की मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून आणि इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळांतून अलीकडे एका नव्या सणाची वर्दी मिळू लागली आहे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी मुलांना सोबत घेऊन घरी कुकीज कशा भाजाव्यात, वटवाघळाच्या आकाराचा साचा कोणता घ्यावा, साखरेच्या लेपाला भोपळ्याचा नारिंगी रंग कसा आणावा, याचे साग्रसंगीत मार्गदर्शन केले जाते. मुलांना मजा येते, एवढेच या साऱ्या खटाटोपाचे समर्थन दिले जाते. त्याला उत्तर म्हणून संस्कृतिरक्षकांची फळी लगेच उभी राहते. हा परकीयांचा भुताखेतांचा सण, तो शाळेत नको, असा तिचा घोष असतो. एका बाजूला बाजार आणि दुसऱ्या बाजूला धर्माभिमान, असा हा सामना दरवर्षी रंगतो आणि जणू यापलीकडे तिसरी बाजूच नाही असा समज दृढ होतो.

समाजवाद्यांनी या सामन्यात कोणत्याही एका बाजूचे प्यादे होण्याचे कारण नाही. मुलाने कणकेत हात घालावा, तिला आकार द्यावा, भट्टीतून खरपूस वास आला की आनंदाने उडी मारावी, यात निषेधार्ह काहीही नाही. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींनी नई तालीमची जी कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हाताच्या कामातून शिक्षण हेच तत्त्व होते. सेवाग्रामच्या मुलांनी सूत कातले, तसा स्वयंपाकही केला. पीठ मळणारे मूल श्रमाची प्रतिष्ठा शिकते आणि पीठ मळणारा मुलगा तर त्याहून मोठी गोष्ट शिकतो. तेव्हा आक्षेप मुलांच्या मजेला नाही. मुद्दा आहे तो ही मजा कोणाच्या वाट्याला येते आणि कणीक कोणाच्या घरात असते, याचा.

प्रथम त्या सणाचाच इतिहास पाहिला पाहिजे, कारण बाजाराने तो सोयिस्करपणे पुसला आहे. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतात्म्यांचा दिवस यांच्या सुमारास मध्ययुगीन इंग्लंडात गोरगरीब सधनांच्या दारोदार जात. घरातील मृतांसाठी ते प्रार्थना करीत आणि मोबदल्यात त्यांच्या हातावर एक छोटी गोड भाकरी ठेवली जाई. आज ज्याला हॅलोविनची कुकी म्हणतात, तिच्या पूर्वजांमध्ये ही आत्म्याची भाकरी आहे. वर्षातून निदान एकदा श्रीमंताच्या दारात उभे राहून अन्न मागण्याचा गरिबाचा तो रूढ हक्क होता. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने आयर्लंडमधून परागंदा झालेल्या भुकेल्या शेतकऱ्यांनी आपल्या चालीरीती अमेरिकेत नेल्या. तेथे सलगमऐवजी भोपळा कोरला जाऊ लागला आणि पुढे भांडवलशाहीने त्या भोपळ्यात आपला दिवा लावला. २०२३ साली या एका सणावर अमेरिकन ग्राहक सुमारे १२ अब्ज डॉलर खर्च करतील, असा तेथील किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेचाच अंदाज होता. त्या रात्री वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटचा कोको मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत मिळून सुमारे १५ लाख ६० हजार बालके कोकोच्या शेतीत बालमजुरी करीत होती. भुकेल्यांनी सुरू केलेल्या सणासाठी आज भुकेली मुले राबतात, याहून क्रूर विडंबन दुसरे कोणते असू शकेल?

याच सणाला दुसरी वाट दाखविण्याचा प्रयत्नही झालेला आहे. १९५० साली फिलाडेल्फियातील काही मुलांनी हॅलोविनच्या संध्याकाळी दारोदार जाऊन मिठाईऐवजी नाणी मागितली आणि ती जगातील गरजू मुलांसाठी युनिसेफला दिली. पैसे जमविण्यासाठी त्यांनी दुधाचे रिकामे खोके वापरले होते. पुढे पाच वर्षांनी, योगायोगाने ३१ ऑक्टोबरलाच, १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते आणंद येथील सहकारी दुग्धालयाचे उद्घाटन झाले. त्याची दूध भुकटीची यंत्रसामग्री युनिसेफने दिली होती आणि तिच्या मोबदल्यात गरीब मुलांना मोफत दूध पुरविण्याचे संघाने मान्य केले होते. एकाच तारखेचा भोग करता येतो आणि त्याच तारखेला मुलांच्या दुधाची सोयही लावता येते. निवड समाजाने करावयाची असते.

आता मुंबई-पुण्याच्या सजलेल्या भट्ट्यांपासून दूर, अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला असलेल्या दुधनीकडे वळू. सोलापूरहून निघालेली रेल्वे दुधनी सोडून पुढे गेली की कर्नाटकात शिरते आणि गाणगापूर रोड स्थानक मागे टाकून कलबुर्गीला पोहोचते. येथील बाजार समिती तुरीच्या व्यापारासाठी ओळखली जाते. घराघरांत कन्नड आणि मराठी शेजारीशेजारी नांदतात. या पट्ट्यातील मुलांना सण कोणी शिकवावा लागत नाही. मातीचे बैल करण्याची अमावास्या कन्नड घरांत मुलांच्याच हातांनी साजरी होते. येळवसेला शेतात कडब्याची कोप उभी राहते. आंबिल, भज्जी आणि बाजरीचे उंडे घेऊन घरे शेतात उतरतात आणि वाटेने जाणाऱ्याला हाक मारून पंगतीला बसविले जाते. परंतु या चित्राचेही भाबडे गुणगान समाजवाद्यांना शोभणारे नाही. येळवस शेताची आहे आणि शेत सर्वांचे नाही. भूमिहीनाचे मूल त्या पंगतीला पाहुणे म्हणून बसते. वर्षातून एक दिवस मिळणाऱ्या पाहुणचाराने उरलेल्या दिवसांचे पोट भरत नाही. गरिबाच्या मुलाच्या खिशात एरवी असतो तो पाच रुपयांचा बिस्किटपुडा. त्याची किंमत तीच ठेवून वजन वर्षानुवर्षे घटविण्याची युक्ती कारखानदारांना चांगलीच साधली आहे. मैदा आणि साखर मुलाची भूक मारतात, मुलाला वाढवीत नाहीत.

मग या मुलाला वाढविणारे अन्न कोठे मिळते? ते शाळेत मिळावयाचे असते आणि ते कोणाची कृपा म्हणून मिळालेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली माध्यान्ह आहाराची राष्ट्रीय योजना अनेक राज्यांत कोरडे धान्य वाटण्यापुरतीच उरली होती. नागरी स्वातंत्र्याच्या लोकसंघटनेने दाखल केलेल्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर शाळांतील चुली पेटल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्या ताटाला हक्काचे स्वरूप दिले. महाराष्ट्राला हा हक्क किती निकडीचा आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखविले. राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. हीच मुले पुढे शाळेच्या पंगतीत येऊन बसतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने या पंगतीत आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलास केळे वा अन्य फळ, देण्याचा निर्णय घेतला. कोणत्याही मुलावर काही लादले जात नव्हते. तरीही शाकाहाराच्या अभिमान्यांनी गदारोळ केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हात झटकले. अंड्यासाठी आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठी शासनाकडून वेगळा निधी मिळणार नाही, ज्या शाळांना हे पदार्थ द्यावयाचे असतील त्यांच्या व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून खर्च उभा करावा, असे सांगण्यात आले. अंडे बंद केले, असे शासन म्हणाले नाही. त्याने अंडे ऐच्छिक केले. गरिबाच्या बाबतीत ऐच्छिक या शब्दाचा अर्थ काय होतो, हे कार्यकर्त्यांना समजावून सांगावयास नको.

लोकसहभाग हा शब्द मोठा गोजिरा आहे. परंतु तो ज्या लोकांकडून अपेक्षिला जातो, ते लोक कोण आहेत? जिल्हा परिषदेच्या आणि नगरपरिषदेच्या शाळांत आज प्रामुख्याने हमालांची, शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले बसतात. ज्यांच्या मुलांना अंड्याची सर्वाधिक गरज, त्यांनीच वर्गणी काढून ते विकत घ्यावे, असा या धोरणाचा सरळ अर्थ आहे. ज्या गावात कारखानदार देणगी देईल तेथील मुले अंडे खातील आणि ज्या गावात तो देणार नाही तेथील मुले त्याची वाट पाहतील. हक्काचे रूपांतर पुन्हा भिक्षेत झाले. मध्ययुगीन इंग्लंडातला गरीब निदान मृतात्म्याच्या नावाने भाकरी मागत होता. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतील कायदे व न्यायनिवाडे पाठीशी असूनही महाराष्ट्रातल्या मुलाने देणगीदाराच्या नावाने अंडे मागावे काय?

सीमेपलीकडचे उदाहरण या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकात, भाजपचेच शासन असताना, कलबुर्गी, बीदर, यादगीर, विजयपूर आदी कुपोषणग्रस्त जिल्ह्यांतील शाळांत अंडी देण्यास प्रारंभ झाला. काही मठाधिपतींनी विरोधाचे निशाण उभारले. त्या वेळी मुले आणि पालकच अंड्याच्या बाजूने बोलू लागले, आणि शासनाला मागे हटता आले नाही. पुढे योजना राज्यभर गेली आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साहाय्याने आठवड्याचे सहा दिवस अंडे देण्याची व्यवस्था झाली. खासगी न्यासाच्या पैशावर मुलांचे पोषण अवलंबून ठेवणे हा समाजवादी मार्ग नव्हे, हे येथे स्पष्टपणे नोंदविलेच पाहिजे. न्यासाचे मन बदलले की मुलाचे ताट बदलता कामा नये. परंतु दुधनीच्या पालकाला हा तात्त्विक भेद सांगण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. त्याच भाषेत बोलणारे, तीच तूर पिकविणाऱ्या मजुराचे मूल रेषेच्या पलीकडे सहा दिवस अंडे खाते आणि अलीकडे एक दिवसही हक्काने खाऊ शकत नाही, हे का? डिसेंबर २०२२ मध्ये अक्कलकोट तालुक्यातील काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले, तेव्हा मुंबईतील पुढाऱ्यांना मराठी अस्मितेचा उमाळा आला. पाणी, रस्ता आणि ताट यांची हेळसांड करून अस्मिता टिकत नाही, हे मात्र कोणी बोलले नाही.

त्या ताटामागे उभ्या असलेल्या स्त्रीचाही विचार केला पाहिजे. हॅलोविनच्या कुकीज भाजणारी आई चित्रात हसतमुख असते. शाळेच्या चुलीपुढे धुरात उभी असलेली स्वयंपाकीण कोणत्याही रंगीत पुरवणीत नसते. केंद्र शासनाने २००९ साली तिच्यासाठी दरमहा १००० रुपये मानधन ठरविले आणि दशकाहून अधिक काळ तो आकडा तसाच ठेवला. तिला कामगार म्हणावयाचे नाही म्हणून वेतनाला मानधन म्हणावयाचे, ही या व्यवस्थेची जुनी हातचलाखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये या कामावर दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य देण्यास सांगितले होते. त्यामागे केवळ रोजगाराचा विचार नव्हता. सर्व जातींची मुले एका पंगतीत बसून दलित स्त्रीच्या हातचे जेवतील, हा सामाजिक क्रांतीचा छोटा पण रोजचा पाठ होता. अनेक ठिकाणी त्या हातच्या अन्नावर बहिष्कार पडला, यावरूनच त्या पाठाचे सामर्थ्य ध्यानात येते.

मुलांचे खाणे हा किरकोळ विषय, चळवळीने त्याहून मोठ्या प्रश्नांकडे पाहावे, असे म्हणणारे पक्षातही आढळतील. त्यांनी १९७२ चे वर्ष आठवावे. दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळत होता. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो येत होती. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया हाती लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील एका साध्या वस्तूने मंत्रालयाला घाम फोडला. पीठ, तेल, साखर यांचे राजकारण स्त्रियांना अगोदर कळले आणि पुढाऱ्यांना मागाहून.

त्या परंपरेला स्मरून आज करावयाचे काम अवघड नाही, मात्र ते चिकाटीचे आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असे ठरविले आहे. शासनाने याच समितीच्या गळ्यात वर्गणीचे भांडे अडकविले आहे. कार्यकर्त्यांनी ते भांडे परत पाठविण्यास पालकांना सिद्ध करावे. आठवड्यातून किमान दोन दिवस अंडे, न खाणाऱ्यास फळ, आणि त्याचा संपूर्ण खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून; स्वयंपाकिणीला किमान वेतन; हे दोन ठराव दुधनीच्या मराठी शाळेतही व्हावेत आणि कन्नड शाळेतही. दोन्ही भाषांतील ठराव एकाच दिवशी तहसील कचेरीवर नेले, तर सीमाभागात भाषेच्या नावाने भांडणे लावणाऱ्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

शहरातील सुखवस्तू मुलांनी खुशाल कुकीज भाजाव्यात. त्यांच्या हातचा साचा हिसकावून घेण्यात संस्कृतिरक्षकांना पुरुषार्थ वाटत असेल तर वाटो. समाजवाद्यांचे भांडण त्या मुलांशी नाही. ते आहे एका मुलाच्या मजेसाठी बाजाराची सारी दारे उघडणाऱ्या आणि दुसऱ्या मुलाच्या अंड्यासाठी तिजोरी बंद करणाऱ्या व्यवस्थेशी. दारात उभे राहून मागण्याची चाल गरिबांनीच सुरू केली होती. या खेपेला दार शासनाचे आहे आणि मागणे कायद्याचे आहे. ते उघडेपर्यंत दुधनीच्या आईबापांनी तेथून हलू नये आणि कार्यकर्त्यांनी त्यांना एकटे सोडू नये.